नदीतल्या बाईचं काय झालं

विजया पुस्तक हातात घ्यायच्या आधी हात धुवायची. पानाला तेलकट बोट लागू नये म्हणून, असं ती सांगायची. पण हात पुसता पुसता ती आमच्याकडे एक नजर टाकून घ्यायची, कोण आलं आणि कोण राहिलं. चौघी पुऱ्या दिसल्या की पदर सावरून जी सुरू व्हायची, ती मग विजया राहायचीच नाही. भिलाईच्या सेक्टर सातमधलं दोन खोल्यांचं क्वार्टर, मागचं अंगण, दोरीवर वाळत घातलेली नवऱ्याची खाकी पँट आणि तिच्याखाली बसून ही बाई "कोण आहे रे तिकडे!" असं म्हणायची. आमच्या पाठी आपोआप ताठ व्हायच्या. एकदा तर रस्त्याने जाणारा भाजीवाला "का होगे दाई?" म्हणत, काय झालं बाई म्हणून, आत डोकावला होता.

ती तुमसरकडची, शेतकऱ्याची लेक. मॅट्रिक पास. आमच्या लाइनीत मॅट्रिक झालेली बाई ती एकटीच. तिचा नवरा बळीराम पोलादाच्या प्लांटमध्ये कोक ओव्हनला होता. मी भंडाऱ्याकडची बेबी. माझी चौथी झाली आहे, पण तीही मास्तरांनी दया केली म्हणून. माझे मालक सुखराम रेल मिलला. पलीकडच्या ब्लॉकमधली भीमाबाई शाळेत कधी गेलीच नव्हती, तिचा देवानंद ब्लास्ट फर्नेसला. आणि रेणू गोंदियाची, आमच्यात सगळ्यात लहान. नवीनच लग्न होऊन आलेली, तिला कुठे हसावं आणि कुठे नाही ते कळायचं नाही.

पुस्तकांचं खरं नाव लांबलचक होतं. आम्ही नुसतं 'सरदार' म्हणायचो. "आज सरदार आहे का वं?" असं अंगणातून ओरडून विचारायचं. भोसल्यांच्या वेळचं भिवगडकर सरदारांचं घराणं, त्याची गोष्ट पाच भागांत होती. बळीरामने पहिला भाग नागपूरहून आणला, बायको गप्प बसेल म्हणून. झालं उलटंच. त्यात मैनाबाईसाहेब होत्या. रूपवान, मानी, नवरा लढाईत गेलेला. दिरांनी गादी बळकावली होती आणि बाईसाहेबांना मागच्या दालनात ठेवलं होतं. चांदीच्या ताटात जेवायच्या, शालू नेसायच्या, पण पहिल्या भागापासून चौथ्यापर्यंत त्या बाईला एक रात्र धड झोप नव्हती. रेणू म्हणायची, "ताई, एवढं सोनं असून बी!" आणि भीमाबाई म्हणायची, "सोनं असून नाही वं, सोनं आहे म्हनूनच."

आता आमचा नियम सांगते, कारण सगळं त्यावरच गेलं.

प्लांटमध्ये नवऱ्यांच्या शिफ्टा बदलत राहायच्या. ए शिफ्टचा माणूस दुपारी घरी येऊन जेवायला मागे. बी शिफ्टचा दुपारी निघून जाई. नाइटवाला दिवसभर झोपलेला असे, त्याच्या घरात भांडं वाजवायची सोय नव्हती. चौघींचे चार नवरे, चार खात्यांत. सगळ्यांना मोकळी दुपार एकदम मिळायची ती कधीमधीच. म्हणून विजयानेच ठरवलं होतं, चौघी आल्याशिवाय पान उलटायचं नाही. एकीचं हुकलं तर तिला नंतर तोंडी सांगायचं, हे तिला चालायचं नाही. "तोंडी सांगितलं तं बाजाराची खबर होते. ते काय सरदार आहे?" असं तिचं म्हणणं. त्यामुळे एकेक भाग सरायला वर्ष वर्ष जायचं. आणि बळीराम नाइटला असला की ती आवाज खाली घेऊन वाचायची. भिवगडच्या तोफासुद्धा त्या आठवड्यात हळूच उडायच्या.

तिसऱ्या भागाच्या शेवटी एक प्रसंग होता. वैऱ्यांनी गढी घेरलेली, छोटे सरकार, म्हणजे बाईसाहेबांचं पोर, दोन-अडीच वर्षांचे, नदीला पूर. मैनाबाईसाहेब पोराला एका दासीच्या पाठीशी बांधतात. ती दासी पुरात उतरते. पाणी छातीला, मग गळ्याला. पलीकडच्या काठावर बाईसाहेबांच्या इमानी दिवाणांची माणसं घोडी घेऊन उभी. ती पोहोचते. पोर वाचतं. विजयाने ते असं वाचलं की रेणू रडायला लागली आणि मी माझा पदर पिळून पाहिला, ओला झाला की काय म्हणून.

पुस्तकात तिला नाव नव्हतं. 'एक दासी' असंच होतं.

चौथ्या भागात छोटे सरकार मोठे झाले, तलवार शिकले, त्यांच्या लग्नाची बोलणी सुरू झाली. आम्हा तिघींना एकच ध्यास, मैनाबाईसाहेबांना गादी मिळते की नाही. भीमाबाईचा मात्र धडा संपला की ठरलेला प्रश्न यायचा.

"मंग ते नदीतली बाई कुठं गेली?"

"येईन वं, पुढं येईन," विजया हसून म्हणायची.

"थंडीवाऱ्यात वलीचिंब उभी होती. कोनी तिले घोड्यावर बसवलं का नाही?"

"भीमा, तुले सरकारची काळजी नाही, तिची आहे."

"सरकारले पाहाले पूर्ण गढी आहे न."

असं चालायचं. हसण्यावारी जायचं.

पाचवा आणि शेवटचा भाग यायला फार वर्षं लागली. लिहिणाऱ्याची तब्येत बरी नसायची म्हणे. तोवर छत्तीसगड वेगळं राज्य झालं, रेणूची पोरं शाळेत जायला लागली, आमच्या केसांत पांढरं आलं. पण पुस्तक आलं आणि आम्ही चौघी पुन्हा त्याच अंगणात बसलो, त्याच नियमाने. आता नवऱ्यांच्या शिफ्टांबरोबर पोरांच्या परीक्षाही आडव्या यायच्या. तरी वाचत वाचत शेवटाला आलो. तीनच धडे राहिले होते.

त्या दिवशी भीमाबाई आली ती वेगळ्याच खुशीत. चटई अंथरता अंथरता गालात हसत होती. विजयाची मात्र दशा वाईट होती. सासू आजारी, बळीरामची नाइट, दोन रात्री जागलेली. तरी वाचायला बसली, कारण चौघी पुन्हा कधी जमतील कोणाला माहीत. दरबाराचा प्रसंग होता. दिवाणजी भर सभेत उभे राहून दिरांची लबाडी उघडी पाडतात. विजयाचा आवाज चढत होता, आणि भीमाबाई म्हणाली, "विजया, थांब. आज मी सांगते, ते नदीतली बाई..."

"वाचू दे वं."

दिवाणजी पुन्हा उभे राहिले. थोड्या वेळाने भीमाबाईला राहवलं नाही. "नाही, ऐक तं. मले काल भाकरी करता करता सुचलं..."

"भीमा, हे सरदारांची गोष्ट आहे. दासी-बटकींचा हिसाब ठेवत बसलं तं हे पुस्तक कधी संपन?"

"हिसाब कोन मांगून राहिलं? एक गोष्ट सांगून राहिली."

आणि विजया म्हणाली, "तुमच्या लोकाईचं असंच आहे. जिथं तिथं आपलंच पाहाचं."

तिच्या तोंडून शब्द गेला आणि तिलाच ऐकू आला, हे मी पाहिलं. पानावर ठेवलेलं बोट तिथेच थांबलं. रेणू हसली. वाईट मनाने नाही, तिला सुचलं नाही म्हणून हसली. मी म्हटलं, "चाय ठेवू का?"

"ठेव न," भीमाबाई म्हणाली. "तुम्ही प्या." तिने चटईची गुंडाळी केली, पायांत चपला घातल्या, आणि मागच्या दाराने न जाता पुढच्या दाराने गेली. इतक्या वर्षांत ती पुढच्या दाराने कधी गेली नव्हती. पुढचं दार पाहुण्यांचं.

विजयाने पुस्तक मिटलं.

दुसऱ्या आठवड्यात रेणूने विचारलं, "ताई, पुढचं?"

"चौघी कुठं आहेत?" विजया म्हणाली.

मग पंधरवड्याने विचारलं. मग महिन्याने. उत्तर तेच. मला वाटलं, हट्ट आहे, उतरेल. मी एकदा तिला म्हटलं, "जाऊन ये न भीमाकडं. दोन ब्लॉक तं आहे मधात."

"मी पान उलटलं नाही," ती म्हणाली. "तिले समजन."

"कसं समजन? भिंतीतून?"

"समजन. नियम आहे आपला. मी तिच्यासाठी थांबली आहे, हे तिले समजनार नाही का?"

"सांगशील तं समजन, बाई."

"त्यात सांगाचं काय!"

तिच्या मनाने तिने माफी मागितली होती. पुस्तक न वाचणं हीच तिची माफी. एवढी मोठी वस्तू, जिच्यासाठी ती वर्षानुवर्षं थांबली होती, ती तिने भीमासाठी ठेवून दिली होती. आणि ज्या बाईसाठी ठेवली तिला याचा पत्ताच नव्हता. त्या दोघी सिविक सेंटरला बांगड्यांच्या दुकानात एकदा समोरासमोर आल्या. मी बरोबर होते. दोघींनी बांगड्या पाहिल्या. एकीने हिरव्या घेतल्या, एकीने घेतल्याच नाहीत. मला सांगा, दोन शब्दांनी काय कोणाचा हात कापला असता?

मग माणसं रिटायर व्हायला लागली. प्लांटचं क्वार्टर म्हणजे नोकरी आहे तोवर आपलं. देवानंदने उतईला जागा घेऊन घर बांधलं, भीमाबाई तिकडे गेली. रेणू गोंदियाला परतली. आम्ही आमचं क्वार्टर लीजवर घेतलं म्हणून मी सेक्टरातच राहिले. विजयाच्या प्रवीणने नेहरू नगरला घर घेतलं, हायवेच्या बाजूला. वर राहायचे ते, खाली कोचिंग क्लास. दिवसभर पोरांच्या गाड्या. विजया म्हणायची, "इथं तोफा उडवल्या तरी कोनाले ऐकू येनार नाही."

बळीराम तिला चिडवायचा. "मी रिटायर झालो, माही खुर्ची गेली. तुही मैनाबाई अजून गादीवर बसली नाही. मी वाचून सांगू का?" म्हणून ती पुस्तक उशीखाली ठेवायची. खरं सांगते, उशीखाली! तो गेला तेव्हा तिने मला एवढंच म्हटलं, "त्याले तं वाचू द्याचं होतं. तो कुठं चौघीत होता." नियम तिने इतका कडक पाळला की त्यात नवराही बसला नाही.

मी म्हणायची, बाई, उघड ते पुस्तक. तू वाच, मला वाच. नाही म्हणजे नाही. हे पुस्तक ज्याने लिहिलं त्याला कोणी सांगितलं असतं ना, की भिलाईला एक बाई तीन धडे उशीखाली ठेवून म्हातारी झाली, तर त्याने सगळी कामं टाकून तिला बघायला गाडी धरली असती.

दोन वर्षांमागे दिवाळीनंतर तिचा फोन आला. "बेबी, डॉक्टर म्हन्ते काचबिंदू आहे. एक डोळा गेला. दुसरा जाऊन राहिला."

"ऑपरेशन?"

"त्याचा टाइम निघून गेला म्हन्ते." मग म्हणाली, "भीमाच्या घराचा रस्ता तुले माहीत आहे न?"

आम्ही ऑटो करून उतईला गेलो. ती मला घ्यायला आली तर पाहते, इरकलीसारखी साडी, नाकात मोत्याची नथ. मी म्हटलं, "कोनाच्या लग्नाले चालली?" तिने नथ सारखी केली. मांडीवर कापडी पिशवी होती, पिशवीत पाचवा भाग आणि एक मोठं भिंग. रस्ताभर तिने पिशवीवरचा हात काढला नाही. खड्डा आला की पुस्तकच आधी सावरायची, स्वतः नंतर.

भीमाबाई ओसरीत खुर्चीवर बसली होती. गुडघे गेलेले, बाजूला काठी. देवानंद जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. आम्हाला पाहून उठायला लागली, उठवेना.

"बस, बस," विजया म्हणाली.

"कोन, विजया? तुले रस्ता सापडला वं!"

"डोळे चालले, म्हनून सापडला."

यावर भीमाबाई हसली, आणि मला वाटलं, सुटलं बाई. सुनेने चहा आणला. पोरांचं, नातवंडांचं, पायांचं, डोळ्यांचं झालं. मग विजयाने पिशवीतून पुस्तक काढलं. फडक्याने पुसलं. खुर्ची पुढे ओढून घेतली.

"आपलं शेवटचं राहिलं," ती म्हणाली. "तीन धडे. रेणूले फोनवर घेऊ म्हन्लं, पन तिची तब्येत बरी नाही. तिनं परवानगी देली आहे."

"कोन्तं शेवटचं?"

"सरदाराचं."

भीमाबाईने पुस्तकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अवं, ते तं मी त्याच दिवाळीत ऐकलं. मोनाली होस्टेलमधून आली होती सुट्टीत. मराठी मंडळाच्या लायब्ररीतून आनलं तिनं, दोन दिवसांत वाचून देलं." मोनाली तिची पोरगी, आता रायपूरला नर्स आहे. "तू नाही वाचलं?"

विजया पुस्तक पुन्हा फडक्याने पुसायला लागली.

"हिनं नाही वाचलं," मी म्हटलं. "त्या दिवसापासून पान उलटलं नाही. चौघी नव्हत्या म्हनून."

"चौघी?" भीमाबाईला आधी आठवेनाच. मग आठवलं. "माय माय! विजया, तो नियम तं शिफ्टसाठी होता!"

मी खूपदा त्या क्षणाचा विचार करते. ती चेष्टेने नव्हती म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं होतं. पण विजयाचा चेहरा असा झाला, जसं कोणी तिच्या हातातून भरलेली कळशी घेऊन ओतून दिली. इतकी वर्षं ती ज्याला माफी म्हणत होती ते दुसरीच्या लेखी शिफ्टचं टाइमटेबल होतं.

मग विजया म्हणाली, "मंग सांग. नदीतल्या बाईचं काय झालं?"

हा प्रश्न तिने विचारायला इतकी वर्षं लावली. भीमाबाईलाही ते कळलं, कारण तिने काठी हातात घेतली आणि उगाच जमिनीवर टेकवत राहिली.

"नाही आली," ती म्हणाली. "पुस्तकात नाही आली. गादी भेटली, लग्न झालं, हत्तीवरून साखर वाटली. दिराले बी माफ केलं मैनाबाईनं. मोनाली म्हने, आई, शेवट किती मस्त आहे. मी म्हन्लं, हो, मस्त आहे. सगळ्याईले सगळं भेटलं. ते एक सोडून."

"मी त्या दिवशी चुकीचं बोलली," विजया म्हणाली.

"हो."

एवढंच. 'जाऊ दे' नाही, 'मी विसरली' नाही. विजयाने मान हलवली. मला वाटतं, 'जाऊ दे' म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं नसतं.

मग विजयाने भिंग लावून वाचून पाहिलं. दोन ओळी झाल्या आणि अक्षरं एकात एक गेली. म्हणून पुस्तक माझ्या हातात आलं. माझं वाचणं म्हणजे बोट फिरवत, अक्षर लावत. दिवाणजी माझ्या तोंडून अडखळत अडखळत बोलले. मैनाबाईसाहेब गादीवर चढताना मी 'सिंहासनारूढ' या शब्दापाशी इतकी अडले की भीमाबाई म्हणाली, "बसव वं तिले एकदाची, पाय दुखले तिचे." विजया डोळे मिटून ऐकत होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला कोणी वाचून दाखवत होतं. शेवट खरंच छान होता. एकही गाठ सुटायची राहिली नव्हती. पुस्तक मिटून मी विजयाच्या मांडीवर ठेवलं.

निघताना विजयाने विचारलं, "भीमा, तू त्या दिवशी काय सांगनार होती? भाकरी करता करता सुचलं म्हने तुले."

भीमाबाईने पदर सारखा केला. "तवा डोक्यात होतं वं. आता नाही आठवत."

त्यानंतर विजयाचा तिला फोन सुरू झाला. डोळा पुरता गेला होता, पण फोनच्या बटणांची जागा बोटांना पाठ झाली होती. दुपारी, आमच्या वाचायच्या वेळी करायची. हवापाणी, गुडघे, सुना, आणि शेवटी, "आठवलं का?"

"नाही अजून."

"बरं. उद्या करते."

मला दोघीही सांगायच्या. एक दिवस मी भीमाबाईला फोनवर धरलं. "खरंच आठवत नाही का तुले?"

"आठवते न. बिलकुल आठवते."

"मंग सांगत कावून नाही?"

"सांगीन," ती म्हणाली. "मी किती वर्स थांबली, थोडं तिले बी थांबू दे. आन सांगितलं तं उद्या फोन येईन का?"

मी हसले. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. दोघींची जुनी चाल परत आली, असं वाटलं. वाचून पूर्ण करायची घाई आम्हाला कधीच नव्हती.

या हिवाळ्यात एका सकाळी प्रवीणचा फोन आला. विजया झोपेतच गेली होती.

तेरवीला भीमाबाई उतईहून आली. सुगत, तिचा मुलगा, तिला गाडीतून सोडून कामाला गेला. काठी टेकत टेकत मंडपात आली. मी तिला कडेच्या खुर्चीवर बसवलं. पंगतीत लोक हिंदीत बोलत होते, खालचा कोचिंग क्लास त्या दिवसापुरता बंद होता. विजयाच्या फोटोला झेंडूचा हार होता. फोटो तिच्या नातीच्या बारशातला होता, हसरा.

भीमाबाई फोटोकडे पाहत म्हणाली, "सांगाले येनार होती मी. पुढच्या आठवड्यात याचंच होतं. सुगतले सांगून ठेवलं होतं."

मी तिचा हात धरला.

"तुले सांगू का?"

"सांग."

"तिले सांगाचं होतं."

"माहीत आहे. मले सांग."

तिने आवाज खाली घेतला, जसा विजया नाइट शिफ्टच्या आठवड्यात घ्यायची. "ते बाई नदीतून वर आली. पोराले देलं दिवानाच्या मानसाईजवळ. ते घोड्यावर बसून निघून गेले, मांगं पाहिलं बी नाही. हे तिथंच उभी, वलीचिंब. मंग तिनं मूठ उघडली. मुठीत पोराच्या कमरेची सोन्याची साखळी."

"चोरली तिनं?"

"चोरली कायले म्हन्ते? नदीत सुटून राहिली होती, तिनं धरली. कोनी मांगितली असती तं देली असती. कोनी मांगितलीच नाही."

"मंग?"

"मंग चालत चालत लांब गेली, जिथं भिवगडचं नाव कोनाले माहीत नाही. दोन म्हशी घेतल्या. दूध इकलं, खाऊन पिऊन सुखी राहिली. झोप बी चांगली लागे तिले. कधी गावात कोनी पाहुना आला आन राजा-रानीच्या गोष्टी सांगू लागला, एका दासीनं कसं पोर वाचवलं ते, तं हे म्हशीखाली बसल्या बसल्या म्हने, असन बापा, आमाले काय माहीत. आन गालात हसे."

मला हसू आलं. तेरवीच्या मंडपात, पदर तोंडात धरून. दोन बाया वळून पाहायला लागल्या. विजया असती तर आधी रागावली असती, की सरदारांची साखळी, म्हशी कसल्या घेते! मग म्हशीखाली बसलेल्या त्या बाईचा आवाज काढून दाखवला असता, आणि मग आम्हाला कोणी आवरलं नसतं.

प्रवीण जिलेबीचं ताट घेऊन आला. "काकू, और लीजिए ना." आम्ही दोघींनी हाताने नको म्हटलं. तो पुढे गेला.

भीमाबाई डोळे पुसत होती, हसत होती की काय करत होती ते मला कळलं नाही.

"त्या दिवशी मी तुमाले हसवाले आली होती, बेबी," ती म्हणाली. "येवढंच होतं."